रात्रीचं पाणी आणि हृदय
खान्देशात बर्फ थोडाच पडतो, मग थंडीने हृदयाला काय होणार, असं काही जण विचारतात. २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १३ देशांचा अभ्यास आला होता. त्यात उष्णतेपेक्षा थंडीशी जोडलेले मृत्यू कितीतरी जास्त निघाले, आणि त्यातले बहुतेक कडाक्याच्या नव्हे, बेताच्या थंडीतले. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो.

मला काळजी वाटते ती धुळे-जळगावकडच्या शेतकऱ्यांची. पंपाला वीज बऱ्याचदा रात्रीची, म्हणून साठीतली माणसंही गव्हा-हरभऱ्याला पाणी भरायला ओल्या पायांनी चिखलात उभी! बीपीची गोळी चालू असेल तर त्यांना एकटं पाठवू नका. छातीत दडपण, दरदरून घाम आला तर ॲसिडिटी समजून सोडा पाजत बसू नका, लगेच १०८ ला फोन करा. आणि रब्बीला दिवसा वीज मिळालीच पाहिजे.