गाईडने बोट दाखवलं म्हणून दिसलं : रोमन अवशेषांतली पायपीट (अनुभव धागा)

उन्हातली छत्री

मे महिन्यात रोमला जाऊन आलो. पहिल्या दिवशी आम्ही दोघंही अतिशहाणे, गाईड कशाला हवाय म्हणून तिकीट काढून सरळ रोमन फोरममध्ये, म्हणजे जुन्या रोमच्या मुख्य चौकाच्या अवशेषांत शिरलो. तासाभराने नवरा म्हणाला, "आपल्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट आठवतंय. पाडून ठेवलंय आणि बिल्डर गायब." हसले खरी, पण मलाही काडीचं कळत नव्हतं. इथे तीन खांब, तिथे अर्धी भिंत, मधे गवत आणि डोक्यावर ऊन.

दुसऱ्या दिवशी निमूटपणे पुन्हा पैसे भरले आणि तीन तासांची गाईडबरोबरची सहल घेतली. तीच जागा. पन्नाशीच्या एक बाई होत्या, हातात लाल फीत बांधलेली काठी. त्यांनी आम्हाला सम्राट अंतोनिनस आणि त्याची राणी फाउस्तिना यांच्या देवळासमोर उभं केलं आणि विचारलं, "त्या दाराकडे बघा. काही चुकतंय का?" बघितलं तर खांबांच्या मागचं दार चक्क हवेत! खाली जिना नाही, काही नाही. आदल्या दिवशी मी याच दारासमोर फोटो काढला होता.

देवळाचं पुढे चर्च झालं, आणि आताची ही दर्शनी बाजू सतराव्या शतकातली. तोवर सगळा फोरम मातीखाली गेला होता आणि जमीन त्या दाराच्या उंबऱ्यापर्यंत आली होती. वर लोक गुरं चारायचे. जागेचं नावच पडलं होतं 'काम्पो व्हाचीनो', म्हणजे गुरांचं माळरान. नंतर खणून खणून मूळ जमीन काढली आणि दार वर लटकत राहिलं. मग बाईंनी खांबांच्या माथ्याजवळचे तिरके काप दाखवले. दोर अडकवून खांब ओढून पाडायचा प्रयत्न झाला होता म्हणे. खांब सतरा मीटर उंच, बधले नाहीत.

तर धागा यासाठी : गाईडने बोट दाखवलं नसतं तर तुम्हाला दिसलीच नसती अशी एक गोष्ट सांगा. रोमच हवं असं नाही, त्या लोकांनी अर्ध्या जगात दगड रचून ठेवलेत. फसवणूक झाली असेल तर तीही लिहा, फक्त कंपन्यांची नावं नकोत.

नटबोल्ट

माझी गोष्ट म्हणजे भोकं. कलोसियमच्या भिंतीभर गोळ्या लागल्यासारखे खड्डे आहेत. मी बायकोला ठणकावून सांगितलं, दुसरं महायुद्ध. गाईड मागेच उभा होता, त्याने हसून मान हलवली. दगड चुन्यात बसवलेले नाहीत, एकमेकांना लोखंडी पकडींनी जोडलेले होते. एकूण सुमारे ३०० टन लोखंड लागलं असावं असा अंदाज आहे. मध्ययुगात लोखंड महाग झालं तेव्हा लोकांनी दगड कोरून एकेक पकड उपसून नेली. भंगारवाले सगळीकडचे सारखेच. माझ्यासारख्या फॅब्रिकेशनवाल्याला मात्र धक्का हा की सांधे काढून नेले तरी बाकीचं उभं आहे.

दुसरं, कमानींवरचे आकडे. ८० कमानी, त्यातल्या ७६ ना नंबर. उत्तरेकडच्या शाबूत भागात ते अजून वाचता येतात, मी ५२ नंबरखाली उभा राहिलो. प्रेक्षकाने आपला नंबर बघायचा, त्याच कमानीतून आत जायचं, तोच जिना चढायचा. इसवी सन ८० मध्ये पहिले खेळ झाले. वानखेडेवर मॅच सुटल्यावर बाहेर पडायला मला लागलेला वेळ आठवून गप्प बसलो.

गवती चहा

मी रडगाणं लिहिते. आमच्या गटात चाळीस माणसं. कानातल्या यंत्राची बॅटरी फोरमला पोचायच्या आत मेली, त्यामुळे पुढचे दोन तास मी काठीवरच्या पिवळ्या फुग्याची सहल केली. जे थोडं ऐकू आलं त्यात गाईडने सांगितलं की 'व्होमिटोरियम' म्हणजे पोट रिकामं करून पुन्हा जेवायला बसायची खोली. मी परत येऊन भिशीत सगळ्यांना रंगवून सांगितलं. लेकीने नंतर जाहीर पाणउतारा केला : ते प्रेक्षागृहातून बाहेर पडायचे बोळ, गर्दी भडाभडा बाहेर टाकतात म्हणून ते नाव.

आणि एक चूक आमची. कलोसियमच्या तिकिटावर नाव असतं, ओळखपत्राशी पडताळतात. सासूबाईंचं नाव मी घरात म्हणतात ते टाकलं होतं, पासपोर्टवर माहेरचं. दारावरच्या तरुणाला 'लग्नानंतर नाव बदललं, पण कागदावर नाही' हे खाणाखुणांनी समजावताना घाम फुटला. सोडलं शेवटी. नावं नीट टाका बायांनो.

उन्हातली छत्री

@गवती चहा, पिवळ्या फुग्याची सहल 😄 गट पंधरा-वीसपेक्षा मोठा असेल तर मीही आता घेणार नाही.

दुबईकर

ईदच्या सुट्टीत जॉर्डनला गेलो होतो, तिथे जेराश. इटलीबाहेर इतकं धड रोमन शहर असेल याची कल्पना नव्हती. लंबगोल चौक, त्याला खांबांची रांग, दोन्ही बाजूंना स्तंभ असलेला लांबच लांब रस्ता.

आर्टेमिस या ग्रीक देवीच्या देवळापाशी आमच्या गाईडने खिशातून चहाचा चमचा काढला. साधा स्टीलचा. एका अवाढव्य खांबाच्या बुडाशी फट होती, तिच्यात चमच्याचं टोक सारलं आणि म्हणाला, आता फक्त बघा. वारा होता. चमच्याची दांडी हळूच वर, हळूच खाली. वर, खाली. श्वास घेतल्यासारखी. एवढा मोठा खांब वाऱ्यावर डुलत होता आणि नुसत्या डोळ्यांना ते अजिबात दिसत नव्हतं! माझ्या मुलीने बोट घालायचा हट्ट केला, गाईडने तिला खांबाला पाठ टेकून उभं केलं. तिला म्हणे पाठीला कळलं. ७४९ च्या भूकंपाने शहराची वाट लागली, पण त्या देवळाच्या दर्शनी भागातले बारापैकी अकरा खांब आजही उभे आहेत. चुन्याने घट्ट न चिकटवलेले, एकावर एक ठेवलेले दगड थोडे हलतात म्हणून टिकतात, हे त्याचं स्पष्टीकरण.

दक्षिणेकडच्या नाट्यगृहात मात्र गंमत. लाल-पांढऱ्या रुमालातले जॉर्डनी काका बॅगपाइप वाजवत होते. इंग्रजांच्या लष्करातून आलेलं ते वाद्य, रोमन रंगमंचावर, ऐकणारे आम्ही ठाण्याचे. टाळ्या वाजवल्या, टिप दिली.

सातेरीचो झील

मी इंग्लंडातल्या बाथचं सांगतो. मुलगा ब्रिस्टलला शिकतो, तिथून रेल्वेने जेमतेम पंधरा मिनिटं. जमिनीतून ४६ अंशांचं गरम पाणी येतं, दिवसाला साधारण ११ लाख ७० हजार लिटर. रोमनांनी त्यावर देऊळ आणि स्नानगृह बांधलं. मोठ्या कुंडाचं पाणी शेवाळी हिरवं, वाफा येतात. आमच्या राजापूरच्या उन्हाळ्याची, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्याची आठवण आली, पण तेवढ्यावर मी हा प्रतिसाद लिहिला नसता.

तिथली मूळची देवी सुलिस. रोमन आले, त्यांनी तिला आपल्या मिनर्व्हा देवीशी जोडून 'सुलिस मिनर्व्हा' करून टाकलं. इथवर ऐकताना मी मान डोलावत होतो, ग्रामदेवीला पुराणातलं नाव देणं आपल्याला काय नवीन नाही. मग गाईड बाई एका काचेपाशी थांबल्या. आत शिशाचे वेडेवाकडे पत्रे, पोस्टकार्डाहून लहान. झऱ्यात असे सुमारे १३० सापडले. त्यावर टोकदार खिळ्यासारख्या वस्तूने ओरखडून लिहायचं, गुंडाळायचं आणि देवीच्या पाण्यात टाकायचं. काय लिहायचं? तर गाऱ्हाणं!

एकाचे हातमोजे चोरीला गेले. दोनच हातमोजे. त्याने देवीला लिहिलंय की ज्याने ते नेले त्याची मती आणि डोळे जावोत, आणि तेही तुझ्याच देवळात. कुणाचा अंगरखा गेला, कुणाचं भांडं. चोर कोण हे माहीत नसतं म्हणून पळवाट बंद करायची : बाई असो वा बाप्या, गुलाम असो वा मोकळा. काहींनी अक्षरं उलटी लिहिलीत, देवीशिवाय कुणी वाचू नये म्हणून की काय.

मी तिथे उभा राहून मोठ्याने म्हणालो, "व्हय म्हाराजा!" मुलगा लाजेने लांब जाऊन उभा राहिला. गाईड बाईंनी विचारलं, काय झालं? तिला मोडक्या इंग्रजीत सांगितलं की आमच्याकडे अजून देवासमोर उभं राहून गावकर असंच गाऱ्हाणं घालतो, 'ज्या कोणी केलां आसात तेका' करून, आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला व्हय म्हाराजा म्हणतात. फरक इतकाच की आम्ही तोंडी, ते लेखी. बाईंनी वही काढून लिहून घेतलं. पुढच्या गटाला सांगितलं असेल तर देव जाणे.

ते हातमोजे सापडले का, हा प्रश्न मला अजून पडतो.

गवती चहा

@सातेरीचो झील, माझ्या कानातल्या यंत्राबद्दल एक पत्रा टाकून येणार का?

बापूंची लेक

आमच्याकडे उलटं झालं. बोट गाईडने नाही, बापूंनी दाखवलं.

वडील बत्तीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. आता शहात्तर. मी मिलानला नोकरी करते, ते पहिल्यांदाच आले तेव्हा पाँपेईला नेलं. इंग्रजी सहल, मी हळू आवाजात मराठी करून सांगत होते. इसवी सन ७९, व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक, राखेत गाडलं गेलेलं शहर, हे त्यांनी ऐकून घेतलं. भित्तिचित्रांकडे धड पाहिलंही नाही. त्यांची नजर रस्त्यावर.

रस्ता मोठमोठ्या काळ्या दगडांचा, त्यात गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या, काही ठिकाणी वीतभर खोल. मधे मधे रस्ता ओलांडायला उंच दगड ठेवलेत. रस्त्यातून पाणी आणि घाण वाहायची, पाय भरू नयेत म्हणून. गाडीची चाकं त्या दगडांच्या मधून निघायची. बापू एका कोपऱ्यावर थांबले, गुडघे धरून खाली वाकले आणि कडेच्या दगडावरून हात फिरवला. मग म्हणाले, "हिला विचार, हा वन-वे होता का?"

मला वाटलं काहीतरीच. तरी विचारलं. गाईडने आधी माझ्याकडे, मग बापूंकडे बघितलं. तिने सांगितलं की संशोधकांनी नेमकं हेच केलंय, वळणावर दगडाची कोणती कड घासलीय ते बघून गाड्या कुठून कुठे वळत ते काढलं, आणि काही रस्ते एकदिशा होते असा निष्कर्ष निघाला. तिने विचारलं, यांना कसं कळलं? बापू म्हणाले, "वळताना मागचं चाक आतनं जातं. घासतं ते एकाच बाजूला. समोरनं पण गाड्या येत असत्या तर दोन्हीकडं घासलं असतं." तिथून पुढे ती प्रत्येक चौकात बापूंकडे बघूनच बोलायला लागली.

बेकरीतली काळ्या दगडाची जाती, गाढवं फिरवायची ती, त्यांनी नीट पाहिली. पण प्लास्टरचे माणसांचे ठसे होते तिथे ते आत आले नाहीत. राखेत कुजून गेलेल्या देहांची पोकळी राहिली होती, उत्खनन करणाऱ्या फियोरेल्ली यांनी १८६३ मध्ये तिच्यात प्लास्टर ओतून ते आकार मिळवले, असं मी समजावत होते. बापू म्हणाले, "तू बघून ये, मी हितं हाय." बाहेर आले तर चौकातल्या हौदाच्या काठावर हात टेकून उभे होते. त्या काठाला खळगा पडलाय, दोन हजार वर्षांपूर्वी लोक पाणी प्यायला वाकताना तिथेच हात टेकायचे. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप तिथेच गेला होता.

तेरणाकाठ

बापूंना नमस्कार सांगा.

पाँपेईचाच अनुभव, पण त्याचं दुसरं टोक आमच्या गावाजवळ आहे. तिथल्या 'विपुलतेच्या रस्त्या'वरून चालताना गाईडने मला विचारलं, कुठले? भारत म्हटल्यावर एका घराच्या दिशेने हात करून म्हणाला, तुमच्याकडची एक बाई तिथे सापडली. १९३८ साली, हस्तिदंताची, वीतभर उंच. आता नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. दुसऱ्या दिवशी मुद्दाम गेलो.

लोक तिला 'पाँपेईची लक्ष्मी' म्हणतात, बरेच अभ्यासक मात्र यक्षी मानतात. अंगावर दागिने सोडून काही नाही, मनगटापासून बांगड्याच बांगड्या, दोन बाजूंना दोन छोट्या दासी. डोक्यात वरून भोक आहे, म्हणजे आरशाची मूठ किंवा एखाद्या तिवईचा पाय असावी. आणि तिची सख्खी बहीण शोभेल अशी हस्तिदंती मूर्ती आमच्या तेरला सापडलीय, तिथल्या लामतुरे संग्रहालयात आहे. भोकरदनच्या उत्खननातही तशाच घडणीचा तुकडा मिळाला. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर ही दोन्ही नावं येतात, माल गाड्यांतून भडोचला जायचा आणि पुढे समुद्राने. कोल्हापूरला ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती हा त्याच व्यापाराचा परतीचा माल.

नेपल्समध्ये त्या काचेसमोर उभं राहून मी बायकोला व्हिडिओ कॉल लावला. ती म्हणाली, "ही तर आपल्या तेरची."

नटबोल्ट

जबरी! हे माहीत नव्हतं. फोरममध्ये सम्राट मॅक्सेंटियसच्या बॅसिलिकाखाली (मोठ्या सभागृहाखाली) मिरीची जुनी गोदामं होती, तेव्हा गाईडने केरळचं नाव घेतलं होतं. मराठवाड्याचं नाही घेतलं.

बापूंची लेक

@तेरणाकाठ, बापूंना वाचून दाखवलं. विचारतायत, माल गाड्यांतून जायचा तर तेरला चाकोऱ्या दिसतात का? आणि यायचं तर एसटी धाराशिवहून की लातूरहून?

तेरणाकाठ

चाकोऱ्या मी तरी पाहिल्या नाहीत, आमच्याकडे काळी माती, पहिल्या पावसात सगळं बुजतं. धाराशिवहून जवळ. लातूरहून यायचं तर मुरुड, ढोकी करत. बापूंना म्हणावं ढोकीला उतरा, मी गाडी घेऊन येतो. चालवायची मात्र त्यांनी.