मदत हवी आहे: स्नेक प्लांटची पानं सुरकुतली आहेत, पण माती ओली! पाणी द्यावं का?

मोठ्या बहिणीने घर बदललं तेव्हा तिचा स्नेक प्लांट (उंच पानांचा, पिवळ्या कडांचा) माझ्याकडे दिला. तिने फार जीव लावून वाढवलेला आहे, त्यामुळे काहीही करून तो वाचवायचा आहे. याला काहीच करावं लागत नाही असं सगळे म्हणतात, पण सध्याची लक्षणं पाहून गोंधळ उडालाय.

बाहेरच्या पानांवर उभ्या सुरकुत्या आहेत, पानं आत मुडपलीत. बघून वाटतं, तहान लागली आहे. पण बोट खुपसलं तर माती आत चांगली ओली. शिवाय मधलं एक पान बुडाशी मऊ पडून कललंय. कुंडी चिनीमातीची, वर पांढरे गोटे, जागा खिडकीपासून लांब कोपऱ्यात. पाणी वाढवू की बंद करू? मऊ पडलेल्या पानाचा वरचा चांगला भाग लावला तर जगेल का?

प्रतिसाद १
पाणी आत्ता अजिबात नको. मुळं कुजली की त्यांना पाणी ओढता येत नाही, म्हणून ओल्या मातीतही पानं सुकतात. सुरकुत्या आणि मऊ बूड, दोन्ही एकाच दुखण्याची लक्षणं आहेत. सुरकुत्या बघून लोक आणखी पाणी घालतात आणि तिथेच झाड हातचं जातं.

आजच कुंडीतून काढा. चांगली मुळं टणक असतात, कुजलेली काळपट, बुळबुळीत आणि वास येणारी. मातीखालचा जाड कंद दाबून पाहा. मऊ भाग स्पिरिटने पुसलेल्या सुरीने टणक भाग लागेपर्यंत कापा, मग सावलीत दोन-तीन दिवस उघडं ठेवून काप वाळू द्या. नवी कुंडी मुळं जेमतेम मावतील एवढीच घ्या, तळाला भोक हवंच. मातीत निम्म्याच्या आसपास परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे) किंवा भरड वाळू मिसळा. गोटे परत घालू नका, ओल उडत नाही.

हे झाड पानांवरची छिद्रं मुख्यतः रात्री उघडतं, त्यामुळे पाणी फार कमी खर्च होतं. अंधाऱ्या कोपऱ्यात तर त्याहून कमी. खिडकीजवळ आणा, आणि यापुढे माती तळापर्यंत कोरडी झाल्यावरच पाणी.

प्रतिसाद २
पानाचा तुकडा लागतो, फक्त खालची बाजू खालीच ठेवा. फुटवा यायला काही महिने जातात. मात्र त्यातून येणाऱ्या रोपाला पिवळी कड नसेल, पानं हिरवीच येतील. कड हवी असेल तर कंदाचा फुटव्यासकट तुकडा वेगळा लावा. बहिणीचंच झाड पुढे न्यायचं आहे, तर मी कंदावरच भर देईन. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कापलेली पानं त्यांच्या तोंडी लागू देऊ नका, त्यातल्या सॅपोनिन नावाच्या विषारी द्रव्यामुळे उलट्या होतात.

मूळ प्रश्नकर्ती
दोघांचे मनापासून आभार! काढून पाहिलं, कुंडीला भोकच नव्हतं. कंद एका बाजूने पूर्ण गेलाय, दुसरी बाजू टणक आहे आणि तिला छोटा कोंब आहे! कापावर दालचिनीची पूड लावू का?

प्रतिसाद १
कोंब आहे म्हणजे झाड वाचायची चांगली आशा आहे. पुडीची गरज नाही, काप नीट वाळणं महत्त्वाचं. लावल्यावर आठवडाभर पाणी देऊ नका. जुनी पानं सुरकुतलेलीच दिसली तरी घाबरून पाणी घालू नका, नवी मुळं धरल्यावर ती हळूहळू भरतील.