लॅनमध्ये जीपीएसवर चालणारा टाइम सर्व्हर: पीपीएसचा रीच शून्यच राहतो

पोर्ट_१२३

साठेक मशीनचं लॅन आहे. इंटरनेटला जोडायचं नाही हे ठरलेलं, त्यामुळे वेळ उपग्रहावरूनच घ्यायची. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग, सर्व्हरचे लॉग आणि स्विचचे लॉग एकमेकांशी जुळावेत, एवढीच गरज आहे.

सामान: रास्पबेरी पाय ४ (छोटा संगणक), पीपीएस (दर सेकंदाला एक पल्स) पिन असलेला निओ-६एम जीपीएस रिसीव्हरचा बोर्ड, अ‍ॅक्टिव्ह अँटेना (सध्या खिडकीत). जीपीएसडी (रिसीव्हर वाचणारा प्रोग्राम) आणि क्रोनी (घड्याळ लावणारा आणि नेटवर्कला वेळ देणारा प्रोग्राम) दोन्ही चालू आहेत. 'क्रोनीसी सोर्सेस'मध्ये एनएमईएची (रिसीव्हरच्या मजकुरी वाक्यांची) ओळ '#*' (घड्याळ याच्यावर चालतंय) आणि रीच ३७७ (शेवटच्या आठही वेळा नमुना मिळाला) दाखवते. पीपीएसच्या ओळीपुढे मात्र '#?' आणि रीच ० (एकही नमुना नाही).

पीपीएस का लागत नाही? नुसत्या एनएमईएवर भागवलं तर काय बिघडेल? आणि विंडोज मशीनना हा सर्व्हर कसा द्यायचा?

सेकंदकाटा

दुसरा प्रश्न आधी घेतो, पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

रिसीव्हर दोन वेगळ्या गोष्टी देतो. पीपीएसची पल्स सेकंद नेमका कधी सुरू झाला ते सांगते, पण तो कोणता सेकंद हे तिला माहीत नसतं. एनएमईएची वाक्यं तारीख आणि वेळ सांगतात, पण सेकंद सुरू होऊन गेल्यावर, आणि तोही उशीर कमीजास्त होतो. ९६०० बॉडला (सिरियल तारेचा वेग) सेकंदाला ९६० अक्षरं जातात. एक वाक्य जास्तीत जास्त ८२ अक्षरांचं, म्हणजे जवळपास ८५ मिलिसेकंद. आरएमसी, जीजीए, जीएसए, व्हीटीजी, जीएलएल ही वाक्यं आणि वर तीन-चार जीएसव्ही (दिसणाऱ्या उपग्रहांची यादी) धरल्या तर संच बाहेर पडायला अर्ध्या सेकंदाहून जास्त सहज लागतो. उपग्रह जास्त दिसू लागले की जीएसव्हीच्या ओळी वाढतात आणि उशीरही बदलतो. लॉग जुळवायला असं घड्याळ नको.

क्रोनीच्या पीपीएस ओळीत 'लॉक एनएमईए' लिहिलं की पल्सला सेकंदाचा आकडा एनएमईएकडून मिळतो. दोघांतली तफावत अर्ध्या सेकंदाजवळ गेली की पल्स अलीकडच्या सेकंदाची की पलीकडच्या हे ठरत नाही. क्रोनी ते नमुने टाकून देतो आणि रीच ० राहतो. तुमच्याकडे हेच होत असावं, पण आधी पल्स कर्नलपर्यंत पोचते का ते बघा.

'सुडो पीपीएसटेस्ट /डेव्ह/पीपीएस०' चालवा. दर सेकंदाला 'असर्ट'ची (पल्सच्या चढत्या कडेची) एक ओळ यायला हवी आणि सिक्वेन्स एकेकाने वाढायला हवा. टाइमआउट आला तर बोर्डावरचा एलईडी लुकलुकतोय का बघा. फिक्स (उपग्रहांवरून ठरलेलं स्थान आणि वेळ) मिळाल्याशिवाय हा रिसीव्हर मुळात पल्स सोडतच नाही. एलईडी चालू असून टाइमआउट असेल तर तार तपासा. कॉन्फिग फाइलमध्ये 'डीटीओव्हरले=पीपीएस-जीपीआयओ,जीपीआयओपिन=१८' असेल तर तार हेडरच्या (पायवरच्या पिनांच्या रांगेतल्या) १२ नंबरच्या पिनवर हवी. हेडरवरची १८ नंबरची पिन म्हणजे जीपीआयओ २४. हा घोळ फार जणांचा होतो.

पीपीएसटेस्टचे चार-पाच आकडे इथे टाका. एनएमईएच्या ओळीत 'ऑफसेट' (ठरावीक उशिराची भरपाई) आणि 'नोसिलेक्ट' आहे का, तेही लिहा.

पोर्ट_१२३

पल्स येतेय. असर्टच्या वेळेतला दशांश .४४१, .४५२, .४४९, .४५७ असा फिरतोय. एनएमईएच्या ओळीत ऑफसेट नाही, नोसिलेक्टही नाही.

सेकंदकाटा

मग निदान झालं. सध्या सिस्टिमचं घड्याळ एनएमईएच्या मागे चालतंय. पल्स खऱ्या सेकंदाच्या आरंभी येते, तेव्हा तुमचं घड्याळ आधीच्या सेकंदाचे .४५ दाखवतं. म्हणजे ते साधारण ०.५५ सेकंद मागे आहे, आणि तोच तुमच्या वाक्यांचा उशीर. इंटरनेट नसतानाही ऑफसेट असा काढता येतो.

दोन ओळी अशा करा:

'रेफक्लॉक एसएचएम ० रेफआयडी एनएमईए ऑफसेट ०.५५ डिले ०.२ नोसिलेक्ट'

'रेफक्लॉक पीपीएस /डेव्ह/पीपीएस० लॉक एनएमईए रेफआयडी पीपीएस'

नोसिलेक्ट विसरू नका. एनएमईएचं काम सेकंदाला नंबर देण्यापुरतंच. घड्याळ त्याच्या हाती द्यायचं नाही. क्रोनी पुन्हा सुरू केल्यावर काही मिनिटांत पीपीएसपुढे '#*' दिसायला हवं.

पण एवढ्यावर थांबू नका. ०.५५ हा उशीर अर्ध्याच्या फार जवळ आहे, आणि उपग्रहांची संख्या बदलली की तो पुन्हा सरकेल. अंदाज चुकीच्या बाजूला पडला तर सगळं नेटवर्क बरोबर एक सेकंद चुकेल, आणि क्रोनीचे आकडे तरीही मायक्रोसेकंदात सुरेख दिसतील. म्हणून उशीरच कमी करा. यू-सेंटर किंवा यूबीएक्सटूलने (रिसीव्हरची सेटिंग बदलणारे प्रोग्राम) आरएमसी सोडून बाकीची वाक्यं बंद करा, बॉड ३८४०० करा आणि सेटिंग बोर्डावर सेव्ह करा. जीपीएसडीला '-एन -बी' द्या. '-एन'मुळे कुणी विचारलं नाही तरी तो रिसीव्हर वाचत राहतो. '-बी' नसेल तर तो यू-ब्लॉक्सच्या या रिसीव्हरची सेटिंग स्वतःहून बदलतो आणि तुम्ही बेतलेला उशीर पार बिघडतो.

यानंतर ऑफसेट नव्याने मोजावा लागेल: नोसिलेक्ट आणि जुना ऑफसेट तात्पुरते काढा, पीपीएसची ओळ बंद ठेवा, दशांश बघा, तो १ मधून वजा करा. सेव्ह केलेली सेटिंग वीज गेल्यावर टिकते का, तेही एकदा प्लग काढून तपासा. स्वस्त बोर्डांवरची बॅकअप बॅटरी पुष्कळदा मेलेली असते.

अजून एक. पल्स १०० मिलिसेकंद रुंद असते. चुकून पडती कडा पकडली गेली तर नेमका ०.१ सेकंदाचा फरक पडतो. असा गोल आकडा दिसला की 'असर्ट'ऐवजी 'क्लिअर' वापरलं गेलंय का ते आधी बघा.

छतावरची_तार

अँटेनाबद्दल लिहितो, कारण खिडकी पुढे त्रास देईल. काचेतून अर्धंच आकाश दिसतं आणि समोरच्या भिंतींवरून परावर्तित सिग्नलही येतात. एनटीपीला (नेटवर्कवरून वेळ देण्याच्या पद्धतीला) त्या परावर्तनाने काही फरक पडत नाही, ती चूक मायक्रोसेकंदाच्या आतली असते. खरी भीती दिवसातून काही वेळ फिक्सच जाण्याची. 'सीजीपीएस' (जीपीएसडीकडून उपग्रहांची स्थिती दाखवणारा प्रोग्राम) पूर्ण दिवस चालू ठेवा. चार उपग्रह सतत ३५ डीबी-हर्ट्झच्या (सिग्नलच्या जोराचं माप) वर टिकत असतील तर खिडकी चालेल, नाहीतर छत.

छतावर नेताना केबलची लांबी किती नॅनोसेकंद वाढवते याची काळजी नको. मीटरला ५ नॅनोसेकंद धरले तरी २० मीटरला १०० होतात. सिग्नल किती गळतो ते बघा. अँटेनाबरोबर येणारी बारीक आरजी-१७४ केबल १५७५ मेगाहर्ट्झला मीटरमागे एक डेसिबलहून जास्त खाते. पंधरा मीटर जोडली तर २८ डेसिबलच्या अँटेनाची निम्म्याहून जास्त कमाई तारेतच संपते. त्यापेक्षा पाय आणि रिसीव्हर दोन्ही अँटेनाजवळ ठेवा आणि खाली इथरनेट आणा, वीज पीओईने (त्याच इथरनेट केबलमधून) द्या. इथरनेट १०० मीटर आरामात जातं. पीपीएसची तार लांब ओढू नका, जीपीआयओ ३.३ व्होल्टचा आहे आणि लांब तारेवर नको ते स्पाइक येतात.

कोअ‍ॅक्सच छतावर न्यायची असेल तर वीजरोधक (आकाशातल्या विजेपासून बचाव करणारा) गॅस ट्यूबचा आणि डीसी पुढे जाऊ देणारा घ्या, त्याचं अर्थिंग करा. क्वार्टर-वेव्ह स्टबवाला लावला तर अँटेनाची वीजच तुटते आणि माणूस रिसीव्हर बदलत बसतो.

डोमेन_अ‍ॅडमिन

विंडोजचं. क्रोनी आपण होऊन कुणाला वेळ देत नाही. त्याच्या फाइलमध्ये 'अलाउ १९२.१६८.१०.०/२४' अशी तुमच्या सबनेटची ओळ हवी आणि फायरवॉलवर यूडीपी १२३ उघडा हवा.

विंडोज डोमेन (सगळी मशीन एकाच सर्व्हरच्या ताब्यात) असेल तर साठ मशीनना हात लावू नका. फक्त पीडीसी एम्युलेटरवर (डोमेनमधला मुख्य कंट्रोलर) 'डब्ल्यू३२टीएम /कॉन्फिग /मॅन्युअलपीअरलिस्ट:"१९२.१६८.१०.५,०एक्स८" /सिंकफ्रॉमफ्लॅग्ज:मॅन्युअल /अपडेट' द्या (आयपी तुमच्या पायचा) आणि टाइम सर्व्हिस रीस्टार्ट करा. बाकी मशीन डोमेनच्या उतरंडीने आपोआप घेतात. मग 'डब्ल्यू३२टीएम /क्वेरी /स्टेटस' बघा. सोर्समध्ये 'लोकल सीएमओएस क्लॉक' दिसलं तर काहीच लागलेलं नाही. डोमेन कंट्रोलर व्हर्च्युअल असेल तर हायपरव्हायझरकडून होणारं टाइम सिंक बंद करा. दोन मालक असले की घड्याळ मागेपुढे उड्या मारतं.

कॅमेरे आणि स्विचना डीएचसीपीच्या (आयपी पत्ते आपोआप वाटणाऱ्या सेवेच्या) ४२ नंबरच्या ऑप्शनने पत्ता देता येतो, पण सगळे तो वाचत नाहीत आणि विंडोज तर वाचतच नाही. कॅमेऱ्यात पत्ता हाताने घाला, सिंकचा अवधी दिवसाऐवजी एक तास करा. एनटीपी नेहमी यूटीसीच (जागतिक प्रमाणवेळ) देतो, टाइम झोन ज्या त्या उपकरणात लावायचा.

सेकंदकाटा

बंद नेटवर्क आहे म्हणून दोन गोष्टी राहतात.

जीपीएसची वेळ १९८० मध्ये सुरू झाली आणि लीप सेकंद (यूटीसीत अधूनमधून घातला जाणारा जादा सेकंद) पाळत नाही. १ जानेवारी २०१७ पासून ती यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे. हा आकडा उपग्रह सांगतात, पण तो संदेश १२.५ मिनिटांतून एकदाच येतो. थंड (आधीची माहिती पुसलेली असताना) सुरू झालेला जुना रिसीव्हर तोवर फर्मवेअरमधला जुना, १८ पेक्षा कमी आकडा वजा करतो आणि काही सेकंद पुढची वेळ सांगतो. पायमध्ये बॅटरीवरचं घड्याळ नाही, म्हणजे वीज जाऊन आली की क्रोनी ती वेळ निमूट उचलेल. क्रोनीची सर्व्हिस बूटनंतर पंधरा मिनिटं उशिरा सुरू करा आणि पायला यूपीएसवर ठेवा.

दुसरं, एका रिसीव्हरची चूक पकडायला शेजारी काहीच नाही. जीपीएसचा आठवड्याचा आकडा १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो. तो ७ एप्रिल २०१९ ला आला होता, पुढचा नोव्हेंबर २०३८ मध्ये. जुन्या फर्मवेअरचे रिसीव्हर त्याआधीही मधल्याच एखाद्या दिवशी साडेएकोणीस वर्षं मागे जातात. दुसरा रिसीव्हर जोडलात तर बिघाड झाल्याचं कळेल, पण खोटं कोण बोलतंय ते ठरवायला तिसरा लागतो. तिन्ही एकाच बनावटीचे घेऊ नका, एकाच फर्मवेअरची चूक तिघेही एकमताने करतील.

सिग्नल गेला तर मात्र घाबरू नका. १ पीपीएमच्या (दहा लाखांत एक) चुकीने दिवसाला ८६.४ मिलिसेकंद सरकतात, आणि क्रोनीने क्रिस्टलचा वेग आधीच शिकलेला असेल तर प्रत्यक्षात बहुधा त्याहून कमी. क्रोनीच्या फाइलमध्ये 'लोकल स्ट्रॅटम १०' लिहून ठेवा, म्हणजे तेवढ्या काळात क्लायंट सर्व्हरला सोडून देणार नाहीत.