प्रतिसाद: दहा गाणी, चार दिवस

वर कुणीतरी लिहिलंय की बेळगावच्या टिळकवाडीची ही बँडवाली पोरं पुण्याला जाऊन चार दिवसांत दहा गाण्यांचा अल्बम रेकॉर्ड करणार, म्हणजे वेडेपणा. मला तसं वाटत नाही. बीटल्सनी पहिल्या अल्बमच्या चौदापैकी दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवशी लंडनच्या ईएमआय स्टुडिओत उरकली होती. पण त्याआधी हॅम्बुर्ग आणि लिव्हरपूलच्या क्लबांत रात्र रात्र वाजवून हात बसलेले होते त्यांचे. आपल्या पोरांची गाणी तशी बसलीत का, एवढंच विचारा.

ड्रम आणि बेस गिटार आधी एकत्र घ्या, क्लिक (ठेका धरणारी टिकटिक) कानात ठेवून. ते घट्ट बसले की गिटार, आवाज नंतर चढवता येतात. घरच्या खोलीतही, जाड गोधडी टांगून. मग स्टुडिओचे महागडे तास फक्त ड्रम-बेससाठीच लागतील. सराव खानापूरकडच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये करूलेत म्हणे. जुलैत तिथं गिटार कमी आणि पाऊसच जास्त ऐकू येणार! आपल्याकडच्या दमट हवेत गिटारची मान वाकते, तेव्हा निघण्याआधी सेटिंग करून घ्या आणि तारा नव्या घाला.

गाणी मराठीत की इंग्रजीत, यावर वर बरीच हाणामारी झालीय. कुमार गंधर्व इथलेच, सुळेभावीचे, घरात कन्नड. गायले हिंदी आणि मराठीत. एखादं गाणं कन्नडमध्ये आलं तर बिघडलं कुठं?