अनुभव धागा: केर्न्स, पोर्ट डग्लस की नदीपलीकडे? रीफ आणि रेनफॉरेस्टला गेलात तेव्हा मुक्काम कुठे केलात?

ऑगस्टमध्ये आईबाबा साताऱ्याहून आमच्याकडे मेलबर्नला येत आहेत. बाबांचं एकच मागणं आहे: प्रवाळ स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय, आणि जमलं तर त्याच्या शेजारचं ते जुनं जंगलही. दोघं सत्तरीला टेकलेली, आईचा एक गुडघा दुखरा, पोहायला दोघांनाही येत नाही. सोबत आम्ही दोघं आणि नऊ वर्षांचा मुलगा. हाताशी सात रात्री. ईशान्य ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सची विमानाची तिकिटं काढून झाली आणि मुक्कामापाशी घोडं अडलं.

नकाशावर सगळं हाकेच्या अंतरावर वाटतं. केर्न्सहून उत्तरेला साधारण तासाभरावर पोर्ट डग्लस, वाटेत पाम कोव्ह. पुढे मॉसमन, मग डेनट्री नदी, तिच्यावर गाड्या पलीकडे नेणारी फेरी, आणि डांबरी रस्ता संपतो तिथे केप ट्रिब्युलेशन. ग्रेट बॅरिअर रीफ ही समुद्रातली प्रवाळांची रांग १९८१ मध्ये जागतिक वारसा यादीत आली, इथली वर्षावनं १९८८ मध्ये. दोन्ही वारसे या किनाऱ्यावर एकमेकांना खेटून आहेत. पण राहायचं एका जागी की दोन-तीन, हे कुणी नीट सांगत नाही.

म्हणून हा धागा. कोण सोबत होतं, कोणता महिना होता, पुन्हा गेलात तर तिथेच राहाल का, हे लिहा. हॉटेलचं नाव नको. जागा कशी होती ते हवं.

सिडनी, चार आणि सात वर्षांच्या मुली, जुलै

आम्ही सहाही रात्री केर्न्समध्येच होतो, एस्प्लनेडच्या मागच्या गल्लीत. एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती आम्हाला तिथे पोचल्यावर कळली: केर्न्स शहराला वाळूचा किनारा नाही. ओहोटी लागली की समोर दूरवर चिखल, त्यात टिपणारे पक्षी, आणि मगरींपासून सावध राहायच्या पाट्या. पण पालिकेने समुद्रालगत खाऱ्या पाण्याचा मोठा तलाव बांधलाय, लगून म्हणतात त्याला. फुकट, जीवरक्षक हजर, एका बाजूला उथळ आणि वाळूचा काठ. मुली रोज संध्याकाळी दोन तास तिथेच.

केर्न्सचा खरा फायदा सकाळी कळतो. रीफवर जाणाऱ्या बोटी सकाळी लवकर सुटतात आणि त्याआधी हजेरी लावावी लागते. आम्ही बोटीच्या धक्क्यावर चालत दहा मिनिटांत पोचायचो. लहान मुलांना साडेसहाला उठवून तासभर बसमधून आणायचं आणि मग बोटीत चढवायचं, हे टळलं.

चूक झाली ती जंगलाच्या बाबतीत. केर्न्सहून केप ट्रिब्युलेशनची एका दिवसाची सहल घेतली. सकाळी सातला निघून रात्री सातला परत. धाकटी जाता-येता झोपली, थोरली रडली. आम्ही जंगल पाहिलं ते बसच्या काचेतून, आणि वीस-वीस मिनिटांच्या चार थांब्यांत.

ब्रिस्बेन, सासूबाईंसोबत, सप्टेंबर

तुमच्या घरची माणसं आमच्यासारखीच आहेत, म्हणून सविस्तर लिहिते. आम्ही पोर्ट डग्लसला पाच रात्री राहिलो. गाव लहान आहे. मॅक्रॉसन स्ट्रीट हा एकच मुख्य रस्ता. त्याच्या एका टोकाला फोर माइल बीच, दुसऱ्या टोकाला पाणी आणि जवळच बोटींचा मरीना. सासूबाई सकाळी एकट्या चालत किनाऱ्यावर जाऊन यायच्या, वाट चुकायची भीती नाही. केर्न्समध्ये त्यांना एकटं सोडायचा धीर मला झाला नसता.

आम्ही स्वयंपाकघर असलेलं दोन बेडरूमचं अपार्टमेंट घेतलं होतं आणि त्यासारखा दुसरा चांगला निर्णय त्या सहलीत झाला नाही. रोज बाहेर जेवणं महाग पडतं, आणि ज्येष्ठांना दोन दिवसांनी वरणभातच हवा असतो. तांदूळ, मूगडाळ, फोडणीचं साहित्य ब्रिस्बेनहून नेलं, भाजी-दही तिथल्या सुपरमार्केटमधून. एक मात्र नीट विचारलं नव्हतं. अपार्टमेंट दुसऱ्या मजल्यावर निघालं आणि लिफ्ट नव्हती. तिथे बरीच संकुलं दोन-तीन मजलीच आहेत आणि लिफ्ट गृहीत धरता येत नाही. आईचा गुडघा दुखत असेल तर तळमजला असं लिहून मागा, आणि त्यांचं उत्तरही लेखी घ्या.

आता समुद्र. सासूबाई मालवणच्या. पहिल्याच सकाळी किनाऱ्यावर उभ्या राहून म्हणाल्या, "आज दर्या खवळलेलो आसा गो." खरंच होतं ते. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत आग्नेयेकडून वारे वाहतात. आकाश निळंशार, पाऊस नाही, पण बाहेरच्या रीफकडे जाताना बोट चांगलीच हलते. बाहेरच्या अ‍ॅजिनकोर्ट रीफपर्यंत दीड तास लागतो. आम्ही त्यांच्यासाठी लो आइल्स निवडलं. पोर्ट डग्लसपासून साधारण पंधरा किलोमीटरवर प्रवाळाच्या वाळूचं छोटं बेट, त्यावर १८७८ सालचं दीपगृह, भोवती उथळ शांत पाणी. तळाला काच असलेल्या बोटीतून त्यांनी पाऊण तास प्रवाळ बघितले. नंतर एका मार्गदर्शकाने तरंगणारी नळी हातात देऊन त्यांना कमरेइतक्या पाण्यात नेलं आणि चेहरा पाण्यात घालायला लावला. एक कासव खालून गेलं. त्या वर आल्या त्या रडतच. एकाहत्तराव्या वर्षी.

साठीच्या पुढच्यांना बोटीवर आरोग्याचा फॉर्म भरावा लागतो. रक्तदाब, हृदय, दमा, सगळं खरं लिहा. खरं लिहिल्याने त्यांना कुणी अडवलं नाही, उलट एक माणूस पूर्ण वेळ त्यांच्या बाजूला राहिला.

पोर्ट डग्लसहून मॉसमन गॉर्ज वीस मिनिटांवर आहे. कुकू यलंजी या इथल्या मूळ रहिवाशांची ती भूमी. गाडी केंद्रापाशी ठेवून त्यांच्याच शटल बसने आत जायचं. सुरुवातीची लाकडी पायवाट सपाट आहे, आईंना जमेल.

पर्थ, नवरा-बायको, जून

वरचे दोन्ही अनुभव वाचले आणि राहवलं नाही. नदीपलीकडे किमान एक रात्र राहा. आम्ही केप ट्रिब्युलेशनजवळ एका केबिनमध्ये दोन रात्री होतो.

फेरी पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत चालते, पार व्हायला जेमतेम पाच मिनिटं. पण त्या पाच मिनिटांनंतर सगळं बदलतं. विजेच्या तारा संपतात. पलीकडे सरकारी वीजपुरवठा नाही, जो तो आपल्या सौर पॅनलवर आणि जनरेटरवर. मोबाइलची रेंज जवळजवळ नाही. आमच्या केबिनमध्ये एसी नव्हता, केसांचा ड्रायर लावायला बंदी होती. रात्री पंख्याच्या आवाजात झोपलो आणि पहाटे जंगलाच्या आवाजाने जागे झालो. दिवसाच्या बसेस दहाच्या सुमाराला येतात आणि तीनला परत फिरतात. त्याआधीचं आणि नंतरचं जंगल फक्त तिथे राहणाऱ्यांचं असतं. मार्जा बोर्डवॉक या लाकडी पायवाटेवर सकाळी सातला आम्ही दोघंच होतो. पंख्यासारख्या पानांचे ताड, पुढे खारफुटी, आणि पाण्याचा टपटप आवाज.

कॅसोवरी, म्हणजे उडता न येणारा इथला मोठा पक्षी, आम्हाला दुसऱ्या दिवशी दिसला, रस्त्याच्या कडेला, मागे दोन पट्टेरी पिल्लं. नर एकटा पिल्लं वाढवतो. आम्ही गाडी थांबवून काचा वर ठेवल्या आणि श्वास रोखून बसलो. तिथे गाडी हळू चालवा. हे पक्षी गाड्यांखाली येऊन मरतात, आणि उरलेत फार थोडे.

तिथूनही रीफला जाता येतं, हे आम्हाला माहीत नव्हतं. केप ट्रिब्युलेशनच्या किनाऱ्यावरून वेगवान बोट पंचवीस मिनिटांत रीफवर पोचवते, अर्ध्या दिवसात परत. मात्र ती लहान आहे आणि आदळते. तुमच्या आईबाबांना नको, मुलाला आणि तुम्हाला हरकत नाही.

२०२१ मध्ये डेनट्री राष्ट्रीय उद्यान ईस्टर्न कुकू यलंजी लोकांच्या मालकीत परत आलं. त्यांच्यापैकी कुणासोबत चालायला मिळालं तर ती संधी सोडू नका. आम्हाला एका आजींनी साबणासारखा फेस येणारी पानं चोळून दाखवली, आणि स्पर्शही करू नये असं हृदयाच्या आकाराच्या पानांचं झाड लांबून दाखवलं. त्याच्या बारीक काट्यांची आग महिनोन् महिने राहू शकते.

जाताना टाकी भरून घ्या, किराणा मॉसमनमधून घ्या. शाकाहारी असाल तर पलीकडे चिप्स आणि पिझ्झ्यावर दिवस काढायची वेळ येते.

अ‍ॅडलेड, डाइव्हिंग करणारा

मुक्कामांचा क्रम ठरवताना एक गोष्ट कुणी बोलत नाही. टाकी लावून डाइव्ह करणार असाल तर शेवटच्या डाइव्हनंतर निदान अठरा तास विमानात बसायचं नाही, चोवीस तास थांबलात तर उत्तम. आणि हाच नियम डोंगरालाही लागू आहे. अ‍ॅथर्टनचं पठार केर्न्सच्या मागे, सातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. सकाळी डाइव्ह आणि संध्याकाळी तिकडे मुक्काम हे चालत नाही. मी आधी समुद्र, मग किनाऱ्यालगतचं जंगल, शेवटी पठार असा क्रम ठेवला. नुसतं स्नॉर्केलिंग, म्हणजे नळीने श्वास घेत पाण्यावर तरंगून बघणं, करणाऱ्यांना याची चिंता नाही.

कॅनबेरा, मुलगा आणि वडील, मे

पठाराचा विषय निघालाच आहे तर युंगाबुरा. आम्ही किनाऱ्यावर तीन आणि तिथे दोन रात्री काढल्या. रात्री स्वेटर लागला. गावातल्या पीटरसन क्रीकवर पहाटे अर्धा तास न बोलता उभं राहिलो आणि प्लॅटिपस (बदकासारखी चोच असलेला पाण्यातला सस्तन प्राणी) दिसला, फक्त पाठ आणि पाण्यावरची रेघ. माझा दहा वर्षांचा मुलगा इतका वेळ कधी गप्प राहिला नव्हता. जवळच कर्टन फिग हा प्रचंड वड-कुळातला वृक्ष, सपाट लाकडी वाटेने सहज बघता येतो. फक्त गिलिस हायवेवर अडीचशेहून जास्त वळणं आहेत. ज्यांना गाडी लागते त्यांनी कुरांडा गावाच्या बाजूने वर यावं.

मेलबर्न, लग्नाचा पहिला वाढदिवस

आम्ही पाम कोव्ह. कागदासारखी साल असलेली पेपरबार्कची जुनी झाडं थेट किनाऱ्यावर, शांतता, महाग. दोघांना फार आवडलं. रीफसाठी मात्र रोज पहाटे बस पकडून केर्न्स किंवा पोर्ट डग्लस गाठावं लागतं.

गोल्ड कोस्ट, डिसेंबर २०२३

माझा अनुभव चांगला नाही, पण लिहायला हवा. शाळेच्या सुट्टीत स्वस्त मिळालं म्हणून डिसेंबर निवडला. १३ तारखेला जास्पर चक्रीवादळ केप ट्रिब्युलेशनच्या उत्तरेच्या वुजल वुजल गावाजवळ किनाऱ्याला लागलं आणि नंतर दिवसेंदिवस पाऊस. केर्न्सचा विमानतळ पाण्याखाली गेला, पोर्ट डग्लसकडचा हायवे दरडींनी बंद झाला. आमच्या बोटीचे पैसे परत मिळाले. मुक्कामाचे मिळाले नाहीत, कारण आम्ही रद्द न होणारा स्वस्त दर घेतला होता. तिथल्या लोकांची घरं गेली, त्यापुढे आमचं नुकसान काहीच नव्हतं. पण डिसेंबर ते एप्रिल जाणार असाल तर रद्द करता येईल असाच दर घ्या. शिवाय नोव्हेंबर ते मे पाण्यात विषारी जेलीफिश असतात, जाळी लावलेल्या जागेतच पोहायचं आणि रीफवर अंगभर लायक्रा सूट घालायचा.

मुंबई, मोठ्या बहिणीसोबत

सिंगापूरमार्गे थेट केर्न्सला उतरलो, तुमच्या आईबाबांना तसं लागणार नाही. आम्ही एक रात्र फिट्झरॉय बेटावर राहिलो, धक्क्यापासून पाऊण तास. दिवसभराची गर्दी संध्याकाळच्या बोटीने गेली आणि बेट रिकामं झालं. किनारा प्रवाळाच्या तुकड्यांचा आहे, अनवाणी चालवत नाही. ताईने पाण्यातले बूट नेले होते, मी नाही. तिने बोटाला धरून मला पाण्यापर्यंत नेलं, लहानपणी न्यायची तसं.

मेलबर्न, धागा काढणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आईबाबांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. कासवाचा प्रसंग आईने दोनदा वाचायला लावला.

असं ठरलंय: पहिली रात्र केर्न्स, कारण विमान उशिरा पोचतं. मग चार रात्री पोर्ट डग्लस, त्यात लो आइल्सचा दिवस आणि मॉसमन गॉर्ज. शेवटून दुसरी रात्र नदीपलीकडे, केबिन पायऱ्या नसलेली. शेवटची रात्र पुन्हा केर्न्स, म्हणजे सकाळच्या विमानाची धावपळ नको. युंगाबुरा या वेळी सोडलं, आईला वळणं झेपणार नाहीत. बाबांना विचारलं, जंगलात रात्री फोन लागणार नाही, चालेल ना? म्हणाले, तुझ्या आजीच्या गावी तरी कुठे लागायचा.

ब्रिस्बेनच्या ताई, एकच विचारते: लो आइल्सच्या बोटीतून बेटावर उतरताना किती पायऱ्या आहेत, आणि धरायला कठडा आहे का?

ब्रिस्बेन

मोठी बोट बेटापासून थोडी लांब थांबते, तिथून लहान बोटीने नेतात. शेवटी एक मोठं पाऊल वाळूत टाकावं लागतं, घोटाभर पाण्यात. कठडा मला आठवत नाही, पण दोन्ही बाजूंनी दोघांनी सासूबाईंचे हात धरले होते. बुकिंग करतानाच गुडघ्याचं सांगून ठेवा. आणि आईंना साडीऐवजी पंजाबी ड्रेस घालायला सांगा, पायघोळ भिजलं की जड होतं.