ऑगस्टमध्ये भीमगड आणि वज्रपोहा: वडिलांना घेऊन जावे का?

प्रश्न (शहापूर, बेळगाव)
नमस्कार. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून बहीण आणि तिची दोन मुले आमच्याकडे येणार आहेत. मुलांना रानातून पायी हिंडण्याची फार हौस आहे. वडील ६८ वर्षांचे असून गुडघ्यामुळे त्यांना फार चालवत नाही. तरीही धबधब्याला सारे निघाले असता ते घरी थांबतील, असे मुळीच वाटत नाही. भीमगड अभयारण्यातील पायवाट आणि वज्रपोहा एका दिवसात होईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (खानापूर)
एका दिवसात होईल का, हे नंतर पाहू. ऑगस्टमध्ये आत सोडतील का, हे आधी पाहावे लागेल. २०११ साली अभयारण्य म्हणून घोषित झालेले हे सुमारे १९० चौरस किलोमीटरचे जंगल असून पायी फिरण्यास वनखात्याची परवानगी लागते. पावसाळ्यात नाले भरले की आतल्या गावांचाच संपर्क तुटतो, तेथे पाहुण्यांचे काय! आमच्या गाडीला दोन वर्षांपूर्वी नाक्यावरूनच परत पाठवले होते. तेव्हा राग आला, पण संध्याकाळी पुढच्या नाल्यावरून कंबरभर पाणी वाहत असल्याचे कळले आणि राग ओसरला.

वज्रपोहा म्हणजे जांबोटीच्या पुढे महादयी सुमारे २०० फूट खाली कोसळते ते ठिकाण. वाट चिखलाची आहे, दगडांवर शेवाळ असते आणि दुखऱ्या गुडघ्यासाठी उतार बरा नव्हे. माझ्या मते भीमगडचा बेत नोव्हेंबरवर ढकलावा. तेव्हा धबधब्याला पाणी कमी असेल, पण धुके आणि जळवाही कमी असतील.

उत्तर २ (टिळकवाडी)
वरील मताशी मी सहमत आहे; मात्र मुलांचा हिरमोड होऊ नये म्हणून पूर्वेकडे जाण्याचा पर्याय सुचवतो. गोकाकजवळ घटप्रभा ५२ मीटर उंचीच्या कड्यावरून घोड्याच्या नालेच्या आकारात उडी घेते आणि त्यासाठी वडिलांना फारसे चालावे लागणार नाही. गढूळ, तांबूस पाण्याचा तो लोट पाहून पहिल्यांदा येणारा माणूस क्षणभर गप्प होतो. तेथील पाण्याचे प्रमाण पावसाइतकेच हिडकल धरणातून होणाऱ्या विसर्गावरही अवलंबून असते, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी विसर्गाची बातमी पाहावी.

मुलांच्या पायांसाठी गोडचिनमलकी आहे. मार्कंडेय नदी तेथे दोन टप्प्यांत कोसळते आणि गोडचिनमलकी गावातून सुमारे अडीच किलोमीटर दरीतून चालत जाता येते. गाडी कोठवर नेता येईल, हे त्या दिवशीच्या चिखलावर ठरते, गावातच विचारावे. बेळगावकरांना सांगण्यासारखी गंमत म्हणजे राकसकोपच्या जलाशयातून आपल्या नळाला येते ते पाणी याच मार्कंडेयचे, आणि उरलेली नदी पुढे वाहत जाऊन तेथे कड्यावरून उडी घेते.

उत्तर ३ (जांबोटी)
गोकाकचा पर्याय चांगला आहे, परंतु ‘पूर्वेकडे जावे म्हणजे धोका नाही’ असा समज कोणी करून घेऊ नये. पाण्यात उतरण्याचा प्रसंग आला, तर एक खूण लक्षात ठेवावी: स्वच्छ वाहणारे पाणी अचानक गढूळ झाले आणि त्याबरोबर वाळकी पाने व काटक्या येऊ लागल्या, तर डोक्यावर ऊन असले तरी मुलांना हाताला धरून ताबडतोब वर चढावे. वर कोठेतरी पाऊस झालेला असतो आणि लोंढा वाटेवर असतो.

जळवांविषयी लोकांचा उगीच गोंधळ होतो. आमच्याकडे मोज्यांना निपाणीच्या तंबाखूची पूड चोळतात. मिठापेक्षा ती बरी, कारण मीठ पावसात लगेच धुऊन जाते. मागे एकदा घरी येऊन जेवायला बसलो, तेव्हा पायाखालच्या फरशीवर रक्ताचे डाग दिसले. जळू केव्हाच गळून पडली होती. तिच्या लाळेतील हिरुडिन रक्त गोठू देत नाही, म्हणून जखम बराच वेळ वाहते. घाबरण्याचे कारण नाही. धुऊन स्वच्छ फडके दाबून धरावे.

प्रश्नकर्ता (शहापूर)
सर्वांचे मनःपूर्वक आभार. भीमगडचा बेत दिवाळीनंतरवर टाकला आहे. त्या वेळी परवानगीची चौकशी आधी करीन. गोकाकचा बेत वडिलांना सांगितला, तेव्हा त्यांनी एकच विचारले, तेथे बसायला सावलीत जागा आहे का?

उत्तर ४ (टिळकवाडी)
काकांना सांगावे की घरून घडीची खुर्ची घेऊन यावी. पावसाळ्यातले तुषार काठापर्यंत उडतात, म्हणून छत्रीही न्यावी.