नवा क्वेक आलाच, तर पहिल्या तासाभरात काय तपासायचं?

गंजकं_रॉकेट

मंडळी, क्वेक या बंदूकबाजीच्या संगणक-खेळाचा पहिला भाग २२ जून १९९६चा. तेव्हापासून या एका नावाखाली निदान तीन निरनिराळे खेळ खपलेत. पहिल्यातले अंधारे किल्ले आणि झाँबी, दुसऱ्या-चौथ्यातले स्ट्रॉग नावाचे परग्रही शत्रू, आणि तिसऱ्यातला निव्वळ आखाडा. २०१७ला पूर्ण होण्याआधीच, म्हणजे अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आलेल्या क्वेक चॅम्पियन्सने त्या आखाड्यात खास शक्तींचे हिरो सोडले, तो चौथा प्रकार म्हणा हवं तर. तिकडे त्याच कंपनीच्या डूम या खेळाची गाडी २०१६, २०२० आणि २०२५ अशी तीनदा फलाटाला लागली, त्यामुळे "आता क्वेकचा नंबर" ही हाकाटी क्वेककॉन हा चाहत्यांचा वार्षिक मेळावा जवळ आला की सुरू होतेच.

"जुनी मजा परत यायला हवी" छाप उत्तरं नकोत. बीटा (चाचणीची आवृत्ती) हातात पडला तर काय मोजायचं, आकडा किती यायला हवा, आणि नाही आला तर नक्की काय बिघडलंय, एवढंच सांगा. खेळणार पुण्यातून, माउस-कीबोर्डवर.

हवेतला_कोन

आधी चाल बघा. बंदुकांचे आकडे पॅचमध्ये बदलतात. चाल सहसा बदलत नाही, कारण सगळे नकाशे तिच्या मापाने कापलेले असतात.

क्वेक ३चा सोर्स (मूळ कोड) २००५पासून खुला आहे, तेव्हा अंदाजपंचे बोलायची गरज नाही. पळण्याचा वेग सेकंदाला ३२० युनिट (खेळातलं लांबीचं माप), गुरुत्वाकर्षण ८००, उडीचा सुरुवातीचा वेग २७०. म्हणजे कागदावर सपाटीवरची उडी ०.६७५ सेकंदांची आणि साधारण साडेपंचेचाळीस युनिट उंच. खेळाडूचा ठोकळा (गोळी लागते तेवढं चौकोनी अंग) ३० युनिट रुंद आणि ५६ उंच. हे प्रमाण डोक्यात ठेवा.

आता खरी गंमत. हवेत असताना इंजिन (खेळ चालवणारा कोड) तुमचा एकूण वेग तपासतच नाही. तुम्ही ज्या दिशेला की दाबलीय, त्या दिशेने वेगाचा किती भाग पडतोय एवढंच बघतं. तो भाग ३२०च्या खाली असेल तर अजून थोडा वेग देतं. सेकंदाला १२५ फ्रेम (पडद्यावरची चित्रं) असतील तर हा 'थोडा' म्हणजे फ्रेममागे २.५६ युनिट. म्हणून की नाकासमोर न धरता तिरकी धरली की वेग चढत राहतो. सगळ्यात फायद्याचा कोन वेगाबरोबर रुंदावतो: ४०० युनिटला ३७-३८ अंश, ५००ला ५०च्या जरा वर, ६००ला ५८. पुढची आणि बाजूची की एकत्र दाबली की दिशा नजरेपासून ४५ अंशांवर जाते. त्यामुळे ४५०च्या आसपास तुम्ही जिकडे जाताय तिकडेच बघत असता, आणि त्यापुढे माउस हळूहळू वळवत न्यावा लागतो. स्ट्रेफ-उडी म्हणतात ती हीच. यात जादू नाही, त्रिकोणमिती आहे.

तपासायचं असं. लांब, सपाट कॉरिडॉर शोधा. स्पीडोमीटर असेल तर उत्तम, नसेल तर स्टॉपवॉच चालेल. नुसतं पळून १० सेकंद लागतात ते अंतर स्ट्रेफ-उड्यांनी साडेसहा-सात सेकंदांत कापता आलं पाहिजे. (हात बसलेला नसेल तर आधी क्वेक ३च्या डिफ्रॅग मॉडमध्ये, म्हणजे चाहत्यांनी उड्यांच्या सरावासाठी बदललेल्या आवृत्तीत, आठवडाभर घासा, नाहीतर दोष खेळाचा की तुमचा ते कळणार नाही.) नाही कापता आलं तर तीनपैकी एक भानगड असते.

एक, एकूण वेगावर छत घातलंय. वेग एका आकड्याशी येऊन थिजतो, मग कोन कसाही धरा.

दोन, जमिनीला पाय लागताच घर्षण आधी लागतं आणि उडी नंतर मोजली जाते. क्वेक ३मध्ये उलट आहे, उडी आधी. म्हणून टेकण्यापूर्वीच की दाबून धरली तर वेग जराही गळत नाही. घर्षण आधी असेल तर प्रत्येक टेकणीला वेगाला खाच पडलेली दिसते.

तीन, फ्रेमरेटचा घोळ. जुन्या क्वेक ३मध्ये वेग दर फ्रेमला पूर्णांकात गोल व्हायचा. १२५ फ्रेमला गुरुत्वाकर्षणाचा वाटा ६.४, तो व्हायचा ६. ९० फ्रेमला ८.८, तो व्हायचा ९. एकाची उडी साडेअठ्ठेचाळीस युनिट, दुसऱ्याची पंचेचाळीसच्याही खाली, आणि दोघं एकाच सर्व्हरवर! ३३३ फ्रेमवाला तर ५४च्या वर. नव्या खेळात फ्रेमरेट ६०, १४४ आणि २४०वर बांधून त्याच कठड्यावर उडी मारा. एकाला जमते आणि दुसऱ्याला नाही असं झालं तर तिथेच तक्रार नोंदवा.

शाफ्ट_७६८

चालीचं वरच्यांनी सांगितलंच, मी बंदुकांचं सांगतो. ओबीएस या पडदा रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरमध्ये ६० फ्रेमचं रेकॉर्डिंग करा आणि दोन गोळ्यांमधल्या फ्रेम मोजा. रॉकेट लाँचर ८०० मिलिसेकंद, म्हणजे ४८ फ्रेम. रेलगन १५००, म्हणजे ९०. लाइटनिंग गन (हिलाच शाफ्ट म्हणतात) दर ५० मिलिसेकंदांना ८ नुकसान करते, सेकंदाला १६०, पण पल्ला ७६८ युनिटांचाच. रॉकेट थेट लागलं तर १००, रेल १००.

ही तीन आयुधं एकमेकांना धरून आहेत. शाफ्टचं नुकसान सगळ्यात जास्त, पण पल्ला तोकडा आणि नजर चिकटवून ठेवावी लागते. रेलचा पल्ला अमर्याद, पण चुकलात तर दीड सेकंद हात बांधलेले. आणि रॉकेट माणसावर मारायचं नसतंच, तो जिथे पोचणार त्या जमिनीवर मारायचं असतं.

लोक विसरतात ते बंदूक बदलण्याचं. क्वेक ३मध्ये हातातली खाली जायला २०० आणि नवी वर यायला २५० मिलिसेकंद, तेही आधीचा गोळीबार पूर्ण झाल्यावर. म्हणजे रॉकेट सोडून रेल मारायची तर मध्ये १२५० मिलिसेकंद, ७५ फ्रेम. शत्रूला रॉकेटने हवेत उडवून रेलने टिपायचा तो सुप्रसिद्ध जोडवार याच अंतरावर उभा आहे. बदल तत्काळ ठेवला तर जोडवार पोरखेळ होतो. सेकंदभर ताणला तर कोणी बदलणारच नाही.

आता वेळ. लाल चिलखत २५ सेकंदांनी परत येतं, मेगाहेल्थ (जादा आरोग्य) ३५ सेकंदांनी. दोन्ही उगवताक्षणी उचलत राहिलं तर दोघांची गाठ १७५ सेकंदांनी एकदा पडते. मधल्या काळात अंतर सतत सरकतं: कधी १० सेकंद हाताशी, कधी ५. आघाडीवरच्या माणसाला कुठे ना कुठे उशीर होतो, आणि हरणाऱ्याला फट मिळते ती तिथेच. दोन्हींना ३०-३० सेकंद दिले की एकदा लय सापडली, सामना संपला. पडद्यावर टायमर दाखवा की नका दाखवू हा वाद मला गौण वाटतो. आकडे वेगळे ठेवा म्हणजे झालं.

उगाच_हळवे

थोडं उलट बोलतो. १९९९चे आकडे काही ज्ञानेश्वरी नव्हेत. उडीची की दर वेळी सोडून पुन्हा दाबायला लावणं म्हणजे कौशल्य नाही, मनगटाची झीज आहे. दाबून धरली की उडत राहायला हरकत काय? चॅम्पियन्समध्ये चालतंच की. कोन तर तुम्हालाच साधायचा असतो.

चॅम्पियन्सचं बिनसलं ते दुसरीकडे. हिरो हलके, मध्यम, जड. प्रत्येकाचं आरोग्य वेगळं, ठोकळा वेगळा, वर एक खास शक्ती. जुन्या खेळात चिलखत ६६ टक्के मार झेलतं हे सगळ्यांना पाठ. १०० आरोग्य आणि १०० चिलखत असलेल्याला पहिलं थेट रॉकेट लागलं की ६६ आणि ३४ उरतं, दुसऱ्याला तो बरोबर शून्यावर. हे गणित मनात चालू असतं म्हणून पाठलाग करायचा की माघार घ्यायची ते ठरवता येतं. समोरचा कोण आणि त्याची शक्ती भरलीय का, हे दोन अज्ञात त्यात घातले की उरतो जुगार.

आणि नवख्यांसाठी शिकवणीचे नकाशे पहिल्या दिवसापासून द्या. सर्व्हरवर फक्त वीस वर्षांचे मुरलेले उरले तर पहिला तास नवख्याचा शेवटचा तास ठरतो.

शाफ्ट_७६८

दाबून धरायच्या उडीला माझी हरकत नाही. टायमरवर नंतर भांडू.

पिंग_साठ

पुण्यातून खेळणार म्हणालात म्हणून हे लिहितो.

मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३९०० किलोमीटर. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंदांच्या खाली पिंग (संदेश जाऊन परत यायचा वेळ) कोणाच्या बापाला मिळणार नाही. केबलचे वळसे आणि राउटर धरून साठच्या घरात समजा. युरोप त्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून पहिली अपेक्षा मुंबईत सर्व्हर. तो नसेल तर निदान सर्व्हरची फाइल आमच्या हातात द्या, आम्ही चालवतो.

साठ पिंगने काय होतं ते रेलच्या उदाहरणाने सांगतो. मूळ क्वेक ३मध्ये लॅग (हा वाटेतला उशीर) भरून काढायची सोय नव्हती. ३२०ने पळणारा शत्रू ६० मिलिसेकंदांत १९ युनिट पुढे सरकतो. सर्व्हर सेकंदाला २०च वेळा हिशोब करायचा, म्हणजे चित्र आणखी ५० मिलिसेकंदांपर्यंत शिळं, वर १६ युनिट. बेरीज ३५, आणि अंग ३० रुंद! क्रॉसहेअर बरोबर छातीवर ठेवलात तर गोळी पाठीमागून जाणार. बाजूला रिकाम्या हवेत नेम धरायचा हे तेव्हा शिकावंच लागे.

भरपाई दिली की हे सुटतं, पण दुखणं समोरच्याच्या गळ्यात पडतं. १२० पिंगवाल्याला पूर्ण भरपाई मिळाली तर तुम्ही कोपऱ्याआड ३८ युनिट, म्हणजे सगळं अंग आत गेल्यावरही मरता. म्हणून भरपाईला ८० मिलिसेकंदांच्या आसपास मर्यादा हवी. तपासायला दोघं लागतात. एकाने भिंतीच्या कडेवर रेल रोखायची, दुसऱ्याने त्या कडेमागे पळत जायचं, दोघांनी रेकॉर्ड करायचं, आणि मरणारा आड गेल्यावर किती फ्रेमनी मेला ते मोजायचं. ६० फ्रेमच्या रेकॉर्डिंगमध्ये पाच-सहापेक्षा जास्त आल्या तर भरपाई मोकाट सोडलीय.

घरी सर्व्हर लावणार असाल तर आधी राउटरच्या पानावर बाहेरचा आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर तुम्ही कंपनीच्या सामाईक पत्त्यामागे आहात. पोर्ट कितीही उघडा, बाहेरून कोणी आत येणार नाही. मुंबईतलं भाड्याचं क्लाउड मशीन घ्या आणि यूडीपी पोर्ट उघडा, क्वेक ३साठी २७९६०. फक्त टीसीपी उघडून "सर्व्हर दिसत नाही" म्हणणारे रोज भेटतात.

गाडलेला_शँबलर

सगळे आखाड्यातच रमलेत. एकट्याने खेळायचा भाग?

पहिल्या क्वेकमध्ये प्रत्येक राक्षस म्हणजे एक प्रश्न होता, आणि उत्तर आकड्यांत दडलेलं. शँबलरचं आरोग्य ६००, आणि स्फोटाचा मार त्याला निम्माच लागतो. म्हणून सगळ्यात दणकट हत्यार त्याच्यावर सगळ्यात वाया जातं. झाँबीचं आरोग्य ६०, पण मार बसला की ते पुन्हा ६० होतं. म्हणजे एका फटक्यात ६० हवेत. दुनळीच्या १४ छऱ्यांचे प्रत्येकी ४, एकूण ५६. अगदी छातीला लावून झाडली तरी चार कमी! तो पडतो, उठतो, परत येतो. ग्रेनेड काढायला लावणारे हे चार आकडे कोणीतरी विचारपूर्वक ठेवलेत. क्वाड ही शक्ती घेतलीत तर मार चौपट होऊन तीच दुनळी त्याच्या चिंधड्या करते.

तेव्हा बीटात हे करून बघा: एकच बंदूक घेऊन पहिले तीन प्रकारचे शत्रू मारा. तिन्ही वेळा तोच वार, तेवढाच वेळ लागला तर राक्षस नुसते रंगवलेले पुतळे आहेत.

आणि नकाशे बनवायची साधनं. पहिला क्वेक आजही जिवंत आहे तो ट्रेंचब्रूमसारख्या फुकट एडिटरवर. डूम इटर्नलला अधिकृत मॉड-साधन मिळालं ते २०२४च्या ऑगस्टमध्ये, खेळ आल्यावर चार वर्षांनी. तेवढ्यात लोक पांगतात.

गंजकं_रॉकेट

भारी! यादी छापून भिंतीवर लावतो. एकच राहिलं. नव्या खेळात माउसची संवेदनशीलता जुन्यासारखी कशी जुळवायची? मी क्वेक ३मध्ये २ ठेवतो, माउस ८०० डीपीआय (इंचामागे ८०० ठोके).

हवेतला_कोन

क्वेक ३मध्ये माउसच्या एका ठोक्याला ०.०२२ गुणिले संवेदनशीलता इतके अंश फिरतात. तुमचे ०.०४४. पूर्ण गिरकीला ३६० भागिले ०.०४४, म्हणजे ८१८२ ठोके. ८०० डीपीआयला ते सव्वादहा इंच, जवळजवळ २६ सेंटीमीटर. नव्या खेळात स्लायडरवरचा आकडा विसरा. मॅटवर पट्टी ठेवा, भिंतीवरच्या एका खुणेवर क्रॉसहेअर लावा आणि २६ सेंटीमीटर सरकवून पुन्हा त्याच खुणेवर येईपर्यंत स्लायडर हलवा.

एकदा सावकाश आणि एकदा झटक्यात मोजा. दोन्हींत फरक आला तर अ‍ॅक्सिलरेशन चालू आहे. ते सेटिंगमध्ये बंद करा, आणि विंडोजमधलंही. मगच वरच्या स्ट्रेफ-उडीच्या चाचणीला हात घाला, नाहीतर कोन चुकेल आणि शिव्या इंजिनाला बसतील.